रविवारची बैठक : मंडई परिसर आणि आपली खाद्यगृहे

सभासदहो, रविवारी सकाळी १० वाजता खालच्या हॉलमध्ये बैठक आहे, नक्की या.

२९ सप्टेंबर २०२४ पासून पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली. आता तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ खायला येणारा थेट मंडईत उतरतो. पण पुढे चालायला सलग पदपथ हवा. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्यावर वाहनं बंद असल्याने चालायला मिळते ती मोकळीक महिन्यातून एकदा तरी मिळावी, असं मनापासून वाटतं.

जास्त वेळ मात्र वाड्यांच्या पुनर्विकासाला देऊ. तळमजल्यावरची भाड्याची छोटी खाद्यगृहं बांधकामाची वर्षं कुठे काढणार? दुकानदार सभासदांनी यावंच. सूचना लेखी आणा, महापालिकेला द्यायचं निवेदन तिथेच लिहून सह्या करू.

– सचिव