किटी वेल्स: वसूला पत्र

पुणे

प्रिय वसू,

सप्रेम नमस्कार.

किटी वेल्स या अमेरिकन कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या) गायिकेची गाणी ऐकलीस आणि कळवलंस, "आवाज साधा आहे, थोडा नाकातला. तुला एवढं काय आवडतं यात?" मला तो साधेपणाच आवडतो गं. पण त्यामागची हकिगत माहीत असली की तो जास्त कळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तिचं खरं नाव एलेन म्युरिएल डीसन. जन्म 1919चा, कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातलाच. वडील रेल्वेत ब्रेक्समन, घरी गिटार वाजवायचे. मंदीच्या काळात ती शर्टांच्या कारखान्यात इस्त्री करायला जाई. 1937 साली जॉनी राइटशी लग्न झालं. त्याची जॅक अँग्लिनबरोबर 'जॉनी अँड जॅक' ही जोडी होती, आणि ही त्यांच्या कार्यक्रमांत अधूनमधून गायची. 'किटी वेल्स' हे नाव नवऱ्याने एका जुन्या गाण्यातून उचललं. 1949च्या सुमारास आरसीए व्हिक्टरने तिच्या काही तबकड्या काढल्या, त्या चालल्या नाहीत. बायकांच्या कंट्री गाण्यांना गिऱ्हाईक नाही, असं कंपन्यांचं तेव्हा ठाम मत होतं. 1952पर्यंत तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई असलेली ही बाई गाणं सोडून घरात रमायच्या बेतात होती.

त्याच वर्षी हँक थॉम्पसन या गायकाचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' हे हाँकी टाँकच्या जगातलं गाणं तुफान गाजत होतं. हाँकी टाँक म्हणजे ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रावर, गाणी वाजणारे, नाचायला मोकळी जागा असलेले दारूचे अड्डे. गाण्यातला पुरुष रडतो, की बायको मला सोडून त्या दिव्यांच्या झगमगाटात गेली, देवानेच अशा बायका घडवल्या. जे. डी. मिलर या गीतकाराने याला उत्तर लिहिलं: 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स', म्हणजे अड्ड्यांवरच्या या बायका देवाने नाही घडवल्या. देवाला कशाला बोल लावता? लग्न झालेले पुरुष अविवाहित असल्यासारखे वागतात, कितीतरी बायका त्यामुळेच वाट चुकल्या. चालही तीच ठेवली, थॉम्पसनच्या गाण्याची. ती चाल त्याच्याही आधीची, कार्टर फॅमिलीच्या आणि रॉय अकफच्या गाण्यांतून लोकांच्या कानात बसलेली. त्यामुळे पहिली ओळ सुरू होताच हे कोणाला उत्तर आहे, ते ऐकणाऱ्याला उमगायचं.

3 मे 1952 रोजी नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलातल्या कॅसल स्टुडिओत डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी किटीच्या आवाजात हे ध्वनिमुद्रण झालं. सूत्रं ओवेन ब्रॅडलीकडे, स्टील गिटारवर (तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवतात ती) शॉट जॅक्सन, फिडलवर म्हणजे व्हायोलिनवर पॉल वॉरन, आणि घरचे जॉनी-जॅक साथीला. गाणं चालेल असं तिला वाटत नव्हतं. मुद्रणाचे 125 डॉलर मिळणार होते, म्हणून ती तयार झाली.

आता तू ते पुन्हा ऐक. ना हरकती, ना मुरक्या, ना आवाज चढवणं. शब्द संतापाचे आहेत आणि गाणारी जराही संतापलेली नाही. एखादी चिडून गायली असती, तर 'भांडकुदळ बाई' म्हणून तिला बाजूला सारणं सोपं गेलं असतं. हिला कसं सारणार? घरसंसार सांभाळणारी, लांब झग्यातली बाई शांतपणे खरं तेवढं सांगते आहे. माझ्या मते गाण्याची सगळी ताकद इथे आहे. तरीही एनबीसी रेडिओने ते काही काळ वाजवू दिलं नाही. लोकांनी मात्र उचलून धरलं. 6 आठवडे ते बिलबोर्ड या संगीतविषयक अमेरिकन मासिकाच्या कंट्री यादीत पहिलं होतं. एकट्या स्त्रीने गायलेलं गाणं तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ.

पण वसू, सगळे या एका गाण्यावर थांबतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. 1955चं 'मेकिंग बिलिव्ह' मला त्याहून मोठं वाटतं. जिमी वर्कची रचना. प्रियकर दुसरीचा झाला आहे आणि ही स्वतःशी खोटंखोटं मानून चालली आहे, की तो अजून माझाच. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज किंचित कापतो, तेवढंच. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच्या आदल्या वर्षीचं रेड फोलीबरोबरचं 'वन बाय वन' पहिलं आलं होतं. तेही ऐक, दोघांचे आवाज एकमेकांना जागा देत जातात.

पुढे साठच्या दशकात नॅशव्हिलच्या गाण्यांत मागे कोरस आला, सगळं गुळगुळीत झालं. 1961च्या 'हार्टब्रेक यूएसए'ने तिला पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं, पण माझं मन पन्नासच्या दशकातल्या त्या मोजक्या वाद्यांतच आहे. 1976 साली ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या संगीतातल्या मान्यवरांच्या यादीत, गेली. जॉनी 2011मध्ये वारला, लग्नाला जवळजवळ 74 वर्षं झाली होती. ती पुढच्या जुलैत, 92व्या वर्षी गेली.

आधी थॉम्पसनचं गाणं ऐक, लगेच हिचं, मग 'मेकिंग बिलिव्ह'. आणि हेडफोन लावून ऐक, फोनच्या स्पीकरवर स्टील गिटार कळत नाही. काय वाटलं ते सविस्तर लिही.

तुझी,
नलू