खायला दिलंस की टोचलंस? : एका प्रश्नासाठी ताईला थँक्यू

ताई,

समोर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, चिडू नकोस.

ब्रिस्बेनला संशोधनाला आलो तेव्हा डोक्यात 2017 चं यवतमाळच होतं. त्या सीझनला फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात माणसं गेली, आमचे बाबा पण पाठीवर पंप घेऊन फवारून आले आणि दोन दिवस त्यांना डोळे उघडता येईनात. अळी मरेल पण माणूस वाचेल असं काहीतरी पाहिजे म्हणून मी कोळ्याच्या विषाकडे वळलो. आई म्हणाली, विषाला कंटाळून अजून जहाल विष शोधायला चालला का! तिचं अगदीच चूक नाही म्हणा. फनेल-वेब या ऑस्ट्रेलियातल्या विषारी कोळ्याच्या विषात खूप वेगवेगळी पेप्टाइड (म्हणजे छोटी प्रथिनं) असतात, त्यातलं डेल्टा-हेक्साटॉक्सिन माणसाचा जीव घेऊ शकतं आणि त्याच थेंबातलं ओमेगा-हेक्साटॉक्सिन किड्यांचे कॅल्शियम चॅनल (पेशीत कॅल्शियम आत सोडणारी दारं) बंद करतं, आपल्या चॅनलच्या वाटेला जात नाही.

लॅबमध्ये विषाचा थेंब काढायला तूच शिकवलंस. कोळी चिडून पुढचे पाय वर करतो, दाताच्या टोकावर थेंब चमकतो, तो काचेच्या पिपेटने ओढायचा. माझा हात इतका थरथरायचा की कोळीच घाबरला असेल. मग ते ओमेगावालं पेप्टाइड लॅबमध्ये बनवायचं, 37 अमिनो आम्लं, त्यात 6 सिस्टीन (दोन-दोन जोडली जाऊन पेप्टाइडला आकार देणारी), त्यांच्या जोड्या 15 प्रकारे लागू शकतात आणि बरोबर एकच. ते पण तुझ्यामुळेच जमलं.

पण खरी वाट पुढे लागली. घाटेअळ्या (आपल्या हरभऱ्यातलीच, इथे क्वीन्सलँडच्या कापसावर पण तीच) माझं विष मिसळलेलं खाद्य खाऊन मस्त जाड व्हायला लागल्या!! तीन महिने हेच. मी विषय बदलायचा मेल टाईप करून ठेवलेला, आणि तू जाता जाता विचारलंस, "खायला दिलंस की टोचलंस?"

टोचलं, तर पटापट आडव्या. कोळी दात खुपसून विष थेट अंगात सोडतो, अळी ते खाते, मग ते आतड्यातून पलीकडे जाणार कसं? तू म्हणालीस थोडं बीटी (अळ्या मारणारं जिवाणूचं प्रथिन) मिसळून बघ, ते आतड्याला भोकं पाडतं. अमेरिकेत 2014 ला रजिस्टर झालेलं स्पिअर नावाचं कीटकनाशक, यीस्टमध्ये बनवलेलं कोळ्याचंच पेप्टाइड, अळ्यांवर बीटीसोबत मारतात हे मी चारदा वाचलेलं, डोक्यात शिरलंच नाही. बीटी कापसाच्या गावचा पोरगा मी, काय बोलू आता.

तो मेल डिलीट केलाय. बाबांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, "म्हणजे पंप उचलावाच लागते नं?" हो म्हटलं, उचलावाच लागेल. आई तुझ्यासाठी सांडगे पाठवते म्हणतेय, पण एअरपोर्टवर पिशवी अडकेल, त्यापेक्षा दिवाळीत तूच घरी ये.

तुझा,
थरथऱ्या