मावशी, सव्वादोनचं माप तुमच्या ध्यानात होतं

मावशी, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फारसा बघत नाही हे माहितेय, पण तुमचा मुलगा बघतो, तो वाचून दाखवेल. पोरीच्या लग्नाला दोन महिने झाले. तुम्ही चुडा भरायला आलात त्या दिवशी घरात पाहुणे, मांडववाला, आचारी, तुमच्याशी धड बोलणंच झालं नाही, तुम्ही पेटी उचललीत आणि गेलात. नंतर महाद्वार रोडवरनं जाताना दोनदा तुमच्या बांगड्यांच्या दुकानासमोर थांबलो, दोन्ही वेळा बायकांची गर्दी, आणि जे बोलायचं होतं ते चारचौघांत माझ्या तोंडातनं निघालं नसतं. म्हणून लिहितोय.

बाबा गेले २०२३ च्या जुलैत. शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात ३८ वर्षं दिवाणजी होते, आणि रिटायर झाल्यावर त्यांचा न् आईचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी आणि शुक्रवारी अंबाबाई. देवळातनं बाहेर पडलं की तुमचं दुकान. आईची एखादी बांगडी वाढलेली असली की बाबाच आठवण करायचे आणि पायरीवर बसून राहायचे तिच्या भरून होईपर्यंत.

ते गेले त्याच दुपारी चार बायका आईला मागच्या परड्यात घेऊन गेल्या. दगडावर हात धरून बांगड्या फोडल्या. मनगटात काच गेली, रक्त आलं. मी दारात उभा होतो मावशी. पन्नाशीचा माणूस, मुलगी नोकरीला लागलेली, आणि माझ्या तोंडातनं एक शब्द बाहेर आला नाही. नंतर मी स्वतःला समजावत राहिलो की तेव्हा मला काही सुचत नव्हतं. पण सुचायला नवीन काय होतं त्यात? हेरवाड आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. सरकारनं त्याच महिन्यात पत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या भावकीच्या ग्रुपवर ती बातमी किती जणांनी टाकली होती, खाली हात जोडलेले, टाळ्या, अभिमान, मीपण टाकली होती. बाबांनी तर पेपरातनं मोठ्यानं वाचून दाखवली होती आईला. त्यानंतर १४ महिन्यांत आमच्याच घरात वेळ आली तर त्या ग्रुपवरचा एक माणूस पुढं झाला नाही. शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला १९१७ ला, त्याच कोल्हापुरात राहतो आम्ही, त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालतो.

त्यानंतरचं दीड वर्ष काय सांगू. आई भांडत नव्हती, रडत नव्हती, नुसती मागं मागं सरकत गेली. आधी हॉलमधनं स्वयंपाकघरात, मग स्वयंपाकघरातनं आतल्या खोलीत. जेवण निम्मं झालं, रात्री तीनला जागी. डॉक्टरांना दाखवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल, "वयानं होतं असं" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली, आई कशी आहे हे तिलाच विचारायचं त्यांना सुचलं नाही. किरणोत्सवाला दरवर्षी बाबांबरोबर जायची, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीला, मावळतीची किरणं देवीच्या पायापासनं वर सरकताना बघायला धक्के खात उभी राहायची. तेही सोडलं.

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या पोरीला. ती आजीच्या मांडीवरच वाढलेली, बारावीपर्यंत वेणी आजीनं घातली. पुण्याला गेल्यावर रोज रात्री नऊला दोघींचा व्हिडिओ कॉल, आमच्याशी दोन मिनिटं आणि आजीशी अर्धा तास. बाबा गेल्यावर आई कॅमेऱ्यासमोर यायचीच बंद झाली, मोकळं कपाळ नातीला दिसू नये म्हणून, हे तिनं आत्ता लग्नानंतर सांगितलं. पोरीला वाटलं आजी आपल्यावर रुसली. ती पण मग कमी फोन करायला लागली. एकाच माणसाचं दुःख दोघींना आणि दोघी एकमेकींपासनं लपवतायत.

पोरीनंच मला एकदा सांगितलं, होम्स आणि राहे म्हणून दोन अमेरिकन डॉक्टर होते, त्यांनी १९६७ ला आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली, कुठल्या घटनेनंतर माणसाला जुळवून घेणं किती जड जातं त्याचे आकडे लावून. नवराबायकोपैकी एक जाणं, १००, सगळ्यात वर. लग्न ५०, रिटायरमेंट ४५. म्हणजे आनंदाचं कार्यसुद्धा त्यात आहे. मी म्हटलं, आपल्या घरात दीड वर्षात दोन्ही. ती म्हणाली, पप्पा, आजोबा गेल्याचे १०० धरलेत, पण त्याच दुपारी परड्यात जे झालं त्याचे कुठं धरलेत? मला उत्तर देता आलं नाही.

आणि मग डिसेंबरात तुम्ही आलात चुडा भरायला.

हॉलमध्ये सतरंजी, बायका गोल करून बसलेल्या, पोरीचा हिरवा चुडा झाला, मग हिच्या, मग माझ्या बहिणींच्या, चुलत्यांच्या सुनांच्या. आई आत डाळ निवडत बसलेली. डाळ आदल्या दिवशीच निवडून झाली होती. तुम्ही हात पुसला आणि विचारलंत, "वैनी कुठायत?" कुणी काही बोललं नाही. तुम्हीच उठून आतल्या खोलीच्या दारात गेलात आणि म्हणालात, "चला वैनी, हात द्या. सव्वादोन न्हवं? माप हाय माझ्या ध्यानात."

आमच्या एक नातेवाईक बाई बोलल्याच, अगं तिला कशाला आता. त्यावर तुम्ही आवाज न चढवता, त्यांच्याकडं न बघता बोललात ते मला जन्मभर विसरता येणार नाही, "घरातल्या सगळ्यांच्या भरायच्या म्हणून सांगितलंय मला. ह्या घरातल्या न्हाईत व्हय?"

आई उठली. कशी उठली माहीत नाही. तुमच्यासमोर बसली आणि हात पुढं केला, तो थरथरत होता. तुम्ही तो दोन्ही हातांत धरून जरा दाबून ठेवलात, लगेच भरल्या नाहीत. काच गेली होती तिथला व्रण तुमच्या अंगठ्याखाली आला, तुम्ही बघितलात, काही बोलला नाहीत. मग एकेक करून हिरव्या भरल्यात, एका हातात चार, दुसऱ्यात पाच. झाल्यावर आईनं सवयीनं तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि माझी पोर नवा चुडा सांभाळायचा सोडून आजीच्या गळ्यात पडली. माझे डोळे तुम्ही बघितले असतील.

हिशेब करताना मी तुम्हाला जास्तीचे पैसे द्यायला लागलो तर तुम्ही बाकीच्यांच्याइतकेच आईचे धरलेत, मोजून घेतलेत, वरचे परत दिलेत. तुम्ही गेल्यावर मी त्याचा लई विचार केला. तुम्ही आईवर उपकार करायला आलाच नव्हता, तुमच्या लेखी ती बांगड्या भरायची राहिलेली एक बाई होती. दीड वर्षात तिच्याशी असं कुणीच वागलं नव्हतं, मीसुद्धा नाही. कोल्हापुरात अशी माणसं अजून आहेत, पेटी घेऊन दारोदार जाणारी, शिकलेल्यांना जे जमलं नाही ते सहज करून जाणारी, आणि त्यांचा सत्कार कुणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली हळद आईनं लावली. पोरीनं हट्टच धरला होता आणि आई नाही म्हणाली नाही. आता नऊला फोन वाजतो, आई चष्मा लावून पुढ्यात बसते, जावयालासुद्धा बोलावून घेते. झोपेची गोळी रोज लागत नाही. जानेवारीअखेरीला किरणोत्सवाला गेलो होतो, मी बाबांच्या जागी उभा होतो.

परवा भांडी घासताना त्यातली एक गेली. मी म्हटलं, आई, फुटली का? तर म्हणाली, "फुटली नव्हं रे, वाढली म्हण."

शुक्रवारी देवळातनं येताना तिला घेऊन येतो. तसल्याच हिरव्यातली एक बाजूला काढून ठेवा.