मालवण जेटीवरच्या मदतगारांचे आभार

आमच्या होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा (आउटबोर्डचा) ऑइल कमी पडल्याचा इशारा देणारा बझर थांबेना, तेव्हा हातातली कामं टाकून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. ऑइलची टाकी तर भरलेली होती! "आधी 10 लिटर पेट्रोलात 200 मिली ऑइल मिसळा, मगच इंजिन चालू करा," असं बजावणाऱ्या काकांमुळे पिस्टन वाचला. ऑइल न मिळाल्यास तो ओरखडे पडून जाम होतो. दुसऱ्या दादांनी टाकीतून पंपाकडे ऑइल नेणारी पारदर्शक नळी उजेडात धरून आतले बुडबुडे दाखवले. जोडापाशी ती कडक होऊन चिरली होती, तिथून हवा शिरत होती. त्यांनी नळी बदलली, पंपाचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडणारा) सैल करून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू दिलं. पैसे कुणीच घेतले नाहीत, नावंही सांगितली नाहीत. दादांच्या सांगण्यावरून टाकीवर पातळीची खूण केली आहे. ऑइल आता नीट उतरतंय, पंप ओढतोय.