पाकिटावर दाबाचा आकडा छापा की राव!

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत कम्प्रेशन टाइट्स (पायाला घट्ट बसून दाब देणाऱ्या विजारी) आणि व्यायामानंतर थकवा जावा म्हणून घालायच्या रिकव्हरीच्या कपड्यांवर अख्खं पान होतं. फोटो झकास, किमती त्याहून झकास, पण वाचून झाल्यावर कळेना की हा लेख होता का जाहिरात. 'रात्रभर घालून झोपा, लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जाईल' म्हणे. अहो, पळताना स्नायूंत तयार होणारं हे रसायन पळून झाल्यावर साधारण तासाभरात शरीर आपलं आपण साफ करतं, त्यासाठी काही हजारांची विजार कशाला पाहिजे? दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात त्याला कारण स्नायूंना झालेली बारीक इजा, लॅक्टिक अ‍ॅसिड नाही.

हे कपडे एकदम बोगस आहेत असं माझं म्हणणं नाही. लाँग रन झाला की मीपण असले घट्ट मोजे चढवतो, पाय हलके वाटतात. अभ्यासांतही साधारण हेच दिसतं की दुखणं थोडं कमी जाणवतं, पळण्याचा वेग मात्र फारसा वाढत नाही. आता यात नुसतं 'वाटणं' किती आणि खरं किती हे ठरवणं अवघडच, कारण औषध म्हणून साखरेची गोळी खपवता येते पण घट्ट मोजा म्हणून ढिला मोजा दिला तर पायाला लगेच कळतं ना. 2017 मध्ये अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत अजित चौधरी आणि त्यांच्या टीमने रनर्सना ट्रेडमिलवर अर्धा तास पळवून बघितलं, टाइट्समुळे स्नायूंची थरथर कमी झाली पण थकवा तेवढाच. आणि त्या अभ्यासाला पैसे नाइकीचे होते! (तरी निकाल आहे तसा सांगितला, याचं कौतुक.)

मुळात ही वस्तू दवाखान्यातली. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला पायाच्या शिरांचा त्रास होता, स्विमिंग पूलमध्ये उभं राहिलं की त्याला बरं वाटायचं कारण पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी, त्यावरून 1950 च्या सुमारास त्याने घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा बनवला. आजही व्हेरिकोज व्हेन्सवाल्यांना (पायाच्या शिरा फुगलेल्यांना) तसेच मोजे देतात. आमच्या इथला सर्जिकलवाला 'सकाळी या, संध्याकाळी पाय सुजलेले असतात' असं सांगतो, टेप काढून आधी घोटा मोजतो मग पोटरी, आणि डब्यावर दाब छापलेला असतो, 20 ते 30 एमएमएचजी वगैरे, म्हणजे आपलं बीपी मोजतात त्याच मापात. स्पोर्ट्सच्या दुकानात काय? 'मीडियम देऊ का लार्ज?' पाकिटावर उंची-वजनाचा तक्ता, 'ग्रॅज्युएटेड कम्प्रेशन' (म्हणजे तोच खाली जास्त, वर कमी दाब) ठळक अक्षरात, आणि दाब किती ते गायब. एकाच मीडियममध्ये काटकुळी पोटरी पण जाणार आणि पैलवानाची पण, दोघांना दाब सारखा कसा बसेल? त्यात गरम पाण्यात धुवून लायक्रा (कापडातला ताणणारा धागा) ढिला पडला की संपलंच, मग ती नुसती महागडी लेगिंग.

तिकडे निदान कोणी विचारतं तरी. 2015 मध्ये टॉमी कॉपर कंपनीने तांबं घातलेल्या कपड्यांनी संधिवाताचं दुखणं जातं असे दावे केले म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने धरलं, साडेतेरा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडेही 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, 2022 पासून फसव्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. पण मॅरेथॉनच्या आधीच्या एक्स्पोमध्ये (प्रदर्शनात) बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला गेलं की स्टॉलवर 'ब्लड फ्लो वाढतो सर' हे सगळे सांगतात, किती वाढतो म्हणून विचारलं की डिस्काउंट सांगतात.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी पुरवणीत असे कपडे दाखवाल तेव्हा कंपनीला घोट्याशी दाब किती ते विचारा आणि येईल ते उत्तर किमतीशेजारी छापा, उत्तर आलं नाही तर तेही छापा. आणि ज्यांना डायबेटिस आहे किंवा पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं काही घट्ट घालून झोपू नये, ही ओळ तर त्या लेखात पहिल्याच परिच्छेदात पाहिजे होती.

– एक रनर वाचक, सातारा