पॉलिग्राफआधी पत्रकार परिषद आवरा: गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

एखादा खून गाजला की ‘आरोपीची पॉलिग्राफ’, म्हणजे लाय डिटेक्टर चाचणी, ‘होणार’ ही बातमी येतेच. पाठोपाठ सूत्रांच्या हवाल्याने निकालही फुटतो. त्या यंत्राला खोटं कळत नाही, हे सरकारातल्या कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. छातीभोवतीची नळी श्वास टिपते, दंडावरचा पट्टा रक्तदाब, बोटांना लावलेल्या पट्ट्या घाम. ‘सुरी तूच चालवलीस का?’ असं विचारल्यावर निर्दोष माणसाचंही काळीज धडधडतं. उलट सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्या ऑल्ड्रिच एम्सने सोव्हिएतांसाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ च्या चाचण्या पार केल्या.

अनुभवी अधिकाऱ्याच्या नजरेची भिस्तही फार धरू नये. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असंख्य प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण सरासरी ५४ टक्के भरलं. छापा-काटा करून ५० मिळतातच.

त्यातल्या त्यात भक्कम पद्धत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी १९५९ मध्ये मांडली. ‘तू केलंस का?’ हे विचारायचंच नाही. त्याऐवजी विचारायचं, हत्यार कोणतं होतं: दोरी, हातोडा, सुरी, पाना, की काच? ज्याला ठाऊक नाही त्याला पाचही सारखेच. ज्याला ठाऊक आहे त्याचं शरीर एकावर अडखळतं. मात्र ते उत्तर गुन्हेगार आणि तपास अधिकारी यांच्यापुरतंच राहिलेलं असावं लागतं. आपल्याकडे पहिल्याच पत्रकार परिषदेत हत्यार टेबलावर मांडतात, फोटो काढून घेतात. मग पेपर वाचणारा कोणीही ‘सुरी’वर अडखळेल. लॅबने तरी काय करावं?

दुसरा मुद्दा संमतीचा. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं की नार्को (औषधाच्या गुंगीत चौकशी), पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी टिपणं) यांपैकी काहीही संमतीशिवाय नाही. आणि संमती असली तरी चाचणीचा निकाल पुरावा ठरत नाही, त्यातून पुढे काही सापडलं तरच ते ग्राह्य. पण ‘आरोपीचा चाचणीला नकार’ असा मथळा छापून आला, की त्या संमतीत खुशी किती उरते?

म्हणून दोनच मागण्या. गंभीर गुन्ह्यात पंचनाम्याच्या दिवशीच काही तपशील लखोट्यात सीलबंद करावेत आणि माध्यमांना देऊ नयेत. चाचणीला दिलेली संमती, नकार किंवा तिचा निकाल पोलिसांनी बाहेर सांगितल्यास कारवाई व्हावी. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

आपला,
एक नागरिक