विमान कितीला उतरतं हे शेवटी बघ

पुणे,
ऑक्टोबरअखेर

प्रिय विन्या,

तुझा बेत वाचला. बुधवारी सकाळचं बंगळूरहून विमान, साडेबाराला लोहगाव विमानतळ, विमाननगरच्या हॉटेलात सामान टाकून तीनच्या ठोक्याला सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मांडवात, आणि रविवारी रात्री साडेअकराच्या विमानाने परत. कागदावर झकास आहे. त्यात फक्त काकूंचे गुडघे धरलेले नाहीत आणि पुण्याची वाहतूकही. तेव्हा रागावू नकोस, मी तो पार मोडून नव्याने मांडतोय. तिकिटं अजून काढली नाहीस म्हणतोस, ते फार बरं केलंस.

तू सुरुवात विमानापासून केलीस. सवाईला बाहेरगावाहून येणाऱ्याने सुरुवात रात्री दहापासून करायची आणि उलटं मागे मागे जायचं. रात्री दहाला मांडवातून बाहेर पडल्यावर आपण झोपायला कुठे आणि कसे जाणार, हे एकदा ठरलं की राहायचं कुठे ते ठरतं, मग विमानतळावरून कसं यायचं ते, आणि विमान कितीचं घ्यायचं हे सगळ्यात शेवटी.

आपण कॉलेजात असताना रमणबागेत जायचो ते आठव. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मैफल रात्रभर चालायची. कुणी दोनला उठून जायचं, कुणी चारला, आपल्यासारखे फटफटेपर्यंत बसायचे आणि अप्पा बळवंत चौकात चहा मारून पहिल्या बसने घरी. गर्दी थोडी थोडी ओसरायची. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद. शनिवारी तेवढी बाराची परवानगी मिळते. म्हणजे आता होतं काय, की दहाच्या आत भैरवी-बिरवी आटोपते आणि पाच-दहा मिनिटांत सगळा मांडव एकदम रस्त्यावर येतो. आणि तो रस्ता मुकुंदनगरचा. महाराष्ट्रीय मंडळाचं क्रीडासंकुल मोठं आहे, मैदान ऐसपैस आहे, पण बाहेरचे रस्ते कॉलनीचे आहेत. गेल्या वर्षी फाटकाबाहेर उभा राहून मी मुद्दाम बघत होतो. अंगावर शाली, काखेत गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. फोनवर ते गोल गोल फिरणारं चाक. कॅब मिळाली की चार मिनिटं दाखवते, मग नऊ, मग ड्रायव्हर फोन करून विचारतो ‘कुठं जायचंय?’ आणि रद्द करतो. रिक्षावाले उभे असतात, पण लांबचं भाडं म्हटलं की ‘हाफ रिटर्न द्यावं लागेल’ इथूनच बोलणं सुरू. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा, येताना रिकामं यायचं असतं.

आता कल्पना कर, अशा गर्दीत काकू काठी घेऊन उभ्या आहेत आणि तुला जायचंय विमाननगरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पाच रात्री. आणि शनिवारी बारा वाजता.

म्हणून हॉटेल रद्द. ‘तुम्हाला त्रास नको’ वगैरे मला ऐकवू नकोस, पुणेकराने स्वतःहून राहायला बोलावलंय याची नोंद घे आणि गप्प ये. अरण्येश्वरहून मांडव दोन-अडीच किलोमीटर असेल. आमच्या सोसायटीत यंदा लिफ्ट बसलीये, त्यामुळे काकूंना तिसरा मजला हे कारणही उरलं नाही. तरी तुला हॉटेलच हवं असेल, तर स्वारगेट, मार्केट यार्ड, सातारा रस्ता या भागातलं घे. विमानतळाजवळ राहायचं ते फक्त दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असेल तेव्हा.

जाण्यायेण्याला मी आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्या मामांशी बोलून ठेवलंय. आपल्याला नेऊन सोडतील आणि रात्री फाटकापाशी न येता मुख्य रस्त्यावर थांबतील. आपण पाचेक मिनिटं उशिरा उठू, गर्दी पुढे जाऊ देऊ, काकूंना धरून सावकाश चालू. शनिवारी बारानंतर मीटरला जादा दर लागतो, तो द्यायचा.

आता विमान. बुधवारी येऊ नकोस, मंगळवारी ये. त्याच दिवशी उतरून त्याच दिवशी पहिला कलाकार ऐकायचा, यात तुझ्या हातात काहीच राहत नाही. डिसेंबरात उत्तरेला धुकं पडतं. तू म्हणशील बंगळूर-पुण्याचा आणि दिल्लीच्या धुक्याचा काय संबंध? संबंध असा, की तुझं विमान सकाळपासून बंगळुरात तुझी वाट बघत उभं नसतं. ते आधी दुसरीकडून कुठून तरी आलेलं असतं. तिकडे दोन तास अडकलं की तो उशीर गावोगाव फिरत तुझ्यापर्यंत येतो. म्हणून दिवसातलं जितकं लवकरचं विमान, तितकं ते वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त. त्यात लोहगाव हा मुळात हवाईदलाचा तळ. धावपट्टी त्यांची, आपली प्रवासी विमानं पाहुणी. त्यामुळे कधी कधी खाली पुणं दिसत असताना वर घिरट्या घालत बसावं लागतं.

पण ‘लवकरचं’ म्हणजे पहाटेचं घेऊ नकोस. तुमच्या जयनगरहून देवनहळ्ळीचा विमानतळ म्हणजे अख्खं बंगळूर दक्षिणोत्तर ओलांडायचं. पहाटे सहाच्या विमानासाठी ऐंशीच्या घरातल्या बाईला रात्री दोनला उठवायचं, मग पुण्यात आल्यावर त्या दिवसभर झोपणार. मंगळवारी सकाळी साडेनऊ-दहाचं बघ. घरून सहाला निघालास तर हेब्बाळच्या उड्डाणपुलावरची गर्दी व्हायच्या आत पुढे गेलेला असशील. तुमच्याकडे दोन टर्मिनलं आहेत, तेव्हा कॅबमध्ये बसण्याआधी तिकिटावरचं टर्मिनल बघ.

काकूंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव. त्या नको म्हणतील, ‘मी काय आजारी आहे का’ म्हणतील. त्यांना सांग, चालायला येतं की नाही हा प्रश्न नाही, अर्धा किलोमीटर चालून मग सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं, तेवढ्यासाठी. उतरतानाही तोच माणूस सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि तिथून बाहेर गाडीपर्यंत आणतो. डिजियात्राच्या, म्हणजे चेहरा दाखवून आत जायच्या त्या ॲपच्या, भानगडीत त्यांना पाडू नकोस.

तू लोहगावला शेवटचा उतरलास तेव्हा जुनी इमारत होती, एसटी स्टँडसारखी कोंदट. जुलै २०२४पासून नवं टर्मिनल सुरू झालंय, त्यामुळे आत गेल्यावर तुला आपण पुण्यातच उतरलो का अशी शंका येईल. बाहेर आल्यावर मात्र येईल लक्षात. ॲपवरच्या कॅब दाराशी येत नाहीत. त्या शेजारच्या एरोमॉलमध्ये, म्हणजे बहुमजली पार्किंगच्या इमारतीत मिळतात. तिथवर सामान घेऊन जायचं, बॅटरीवरच्या गाड्या असतात, पण चार विमानं एकदम उतरली की त्यांनाही रांग. मग कुठल्या मजल्यावर, कुठल्या खांबापाशी, हे फोनवर ओरडून सांगायचं. तुला एकट्याला जमेल हे सगळं. काकू आहेत म्हणून मी गाडी घेऊन येतो. मी आत पार्किंगमध्ये थांबेन, तू सामान हातात आल्यावरच फोन कर. विमान टेकल्या टेकल्या करू नकोस, कारण बॅगा यायला वेळ लागतो आणि दारापुढे गाडी उभी करू देत नाहीत.

दुपारी साडेबारा-एकला निघालो तर येरवडा, बंडगार्डन, कॅम्प, गोळीबार मैदान करत सेव्हन लव्ह्ज चौकातून तासाभरात घरी. हेच संध्याकाळी सहाला करून बघ म्हणजे दीड तास कसा जातो कळेल.

मेट्रोचं विचारलं होतंस. मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन रामवाडी, तिथपर्यंत पीएमपीची बस किंवा रिक्षा. रामवाडीहून वनाझच्या गाडीत बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं आणि तिथून स्वारगेटची गाडी. सप्टेंबर २०२४मध्ये तो भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून स्वारगेटपर्यंत सरळ जाता येतं, आणि स्वारगेटहून मुकुंदनगर म्हणजे रिक्षाचं किमान भाडं किंवा त्याहून थोडं जास्त. एकटा माणूस, पाठीला एक सॅक, तर याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. पण सिव्हिल कोर्टला एक मार्गिका पुलावर आणि दुसरी जमिनीखाली सुमारे 33 मीटर. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, तरी काकू आणि दोन बॅगा घेऊन ती बदलाबदली मी करणार नाही. गुरुवारी सकाळी मोकळे असू तेव्हा तुला बिनसामानाचा मंडईपर्यंत फिरवून आणतो, बघण्यासारखं आहे ते.

मुंबईला उतरून यायची कल्पना सोडून दे. नवी मुंबईच्या विमानतळाचं आकर्षण मला कळतं, २५ डिसेंबर २०२५ला तिथे पहिलं प्रवासी विमान उतरलं तेही तुमच्या बंगळूरहूनच. पण तिकिटात वाचवलेले पैसे पुण्यापर्यंतच्या टॅक्सीत जाणार, आणि खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा झाला की काकू एक्स्प्रेसवेवर बसून यमन ऐकणार, तोही गाडीतल्या रेडिओवर.

आता परतीचं, आणि इथे तुझा बेत मला खरंच सहन झाला नाही. रविवारी रात्रीचं विमान! रविवारी मैफल दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालते. साडेअकराचं विमान धरायचं तर तुला आठला उठावं लागेल, म्हणजे शेवटचे दोन कलाकार गेले. आणि त्यानंतरचंही गेलं. सगळं गाणं संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात आणि महोत्सवाची सांगता होते. त्या दोन-तीन मिनिटांसाठी लोक थंडीत थांबतात, विन्या. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या आठवणीसाठी हे सगळं सुरू केलं, आणि शेवटचा आवाज त्या गुरूंचाच. काकूंचं माहेर हुबळीचं, कुंदगोळ तिथून हाकेच्या अंतरावर. लहानपणी त्यांच्या घरी रामभाऊंचं, म्हणजे सवाई गंधर्वांचं, नाव कसं घेतलं जायचं हे त्यांनी मला तुमच्या ओसरीवर बसून सांगितलंय. त्यांना तू त्या क्षणी येरवड्याच्या सिग्नलला उभं करणार होतास!

सोमवारी दुपारचं विमान घे, दोन-अडीचचं. सकाळी नऊ ते अकरा येरवड्याच्या बाजूला जाऊच नये, आपण साडेअकराला निघू. सोमवारची एक रजा जादा पडेल, टाक. आयटीवाल्यांना घरून काम असतं म्हणतात, विमानतळावरून कर.

काकूंसाठी खुर्चीचं तिकीट काढ, भारतीय बैठक नको. खाली बसतील हौसेने, उठवताना आपल्या दोघांची तारांबळ. तुझं माझं बैठकीचंच असू दे, मध्ये मध्ये मी जाऊन त्यांच्यापाशी बसेन. पाचही दिवसांचं एकत्र तिकीट त्यांना झेपेल का याचा विचार कर. माझं मत, त्यांनी बुधवार, शनिवार, रविवार यावं आणि मधले दोन दिवस मेधाबरोबर घरी गप्पा मारत बसावं. पण हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

मैदान उघडं असतं, आठनंतर गारठा चांगलाच झोंबतो. बंगळूरच्या थंडीवर जाऊ नकोस. काकूंना कानटोपी आणि पायमोजे, तुला स्वेटर. खाण्याचं काही आणू नकोस, मांडवाच्या बाजूला सगळं मिळतं आणि ते खाण्यात निम्मा वेळ कसा जातो हे तुला ठाऊक आहे.

तिकिटं काढलीस की वेळा आणि पीएनआर पाठव, मामांना मंगळवारच्या आत नक्की सांगायचं आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद की काय ते.

तुझा,
सुधा

ता. क. – मेधा म्हणते, येताना फिल्टर कॉफीची पूड अर्धा किलो आण, चिकोरी कमी असलेली. हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाक, म्हणजे तपासणीला उघडून दाखवत बसायला नको.